टॉवरवरचा टीव्ही डिजिटल व्हायचा राहिला

आपल्याकडे टीव्ही डिजिटल होऊन जमाना झाला, असं सगळेच म्हणतात. केबलवाल्याने सेट-टॉप बॉक्स बसवला, छत्र्या त्याच्याही आधीपासून होत्या, आता तर निम्मं घर मोबाईलवरच बघतं. यातलं काहीच खोटं नाही. पण टॉवरवरून निघून थेट छतावरच्या अँटेनात उतरणारा, केबल नको, डिश नको, महिन्याचे पैसे नकोत असा जो दूरदर्शनचा टीव्ही होता, तो डिजिटल झाला नाही. तो बंद झाला. डिजिटल होणं आणि बंद होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण त्या एकच समजून पुढे गेलो, हे मला फार खटकतं.

मी आयटीआयमध्ये शिल्प निदेशक, म्हणजे ट्रेड शिकवणारा मास्तर होतो. आमच्या ट्रेडचं नाव बरीच वर्षं रेडिओ-टीव्ही मेकॅनिक होतं, पुढे अभ्यासक्रम बदलला आणि ते इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक झालं. जिल्हा तेव्हाचा औरंगाबाद, आताचा छत्रपती संभाजीनगर. खुलताबादेच्या वर म्हैसमाळचं पठार आहे, तिथे गिरिजादेवीचं देऊळ आणि दूरदर्शनचा उंच टॉवर. आमच्या भागातल्या कितीतरी गावांत अँटेना कुठल्या दिशेला लावायचा हे कोणी विचारत नसे. म्हैसमाळ कुठल्या अंगाला, एवढं माहीत असलं की झालं.

ट्रेडला नवीन आलेल्या पोरांना मी पहिल्याच महिन्यात छतं वाचायला शिकवायचो. मुंबई केंद्र चार नंबरच्या चॅनलवर होतं, म्हणजे साधारण 61 ते 68 मेगाहर्ट्झ. त्या लहरीची लांबी साडेचार मीटरच्या पुढे, म्हणून अँटेनाची मुख्य दांडी, ज्याला आम्ही डायपोल म्हणतो, ती सव्वादोन मीटरच्या आसपास लागायची. रायगडच्या किनाऱ्यावर ज्या गावांना मुंबई थेट लागायची तिथे कौलांवर असे भलेमोठे अँटेने दिसत. वरच्या बँडवरचं, म्हणजे 174 मेगाहर्ट्झच्या पुढचं केंद्र असेल तर तीच दांडी हातभर. गावात शिरता शिरता छतं पाहिली की इथे कुठलं केंद्र लागतं, ते किती लांब आहे आणि सिग्नल किती बारीक आहे हे सांगता यायचं. पुढच्या बाजूला जितक्या जास्त आडव्या काड्या तितकं केंद्र दूर. वर बूस्टरची डबी असली तर आणखी दूर. पोरांना हे फार आवडायचं, आणि गणितही त्याच वाटेने डोक्यात जायचं.

देशात टीव्ही आला 15 सप्टेंबर 1959 रोजी दिल्लीत, तोही प्रयोग म्हणून. मुंबई केंद्र सुरू झालं 2 ऑक्टोबर 1972 रोजी, वरळीच्या टॉवरवरून. पुण्याला सिंहगडावरून सहक्षेपण व्हायचं. बाकीच्या महाराष्ट्राला मात्र बरीच वाट पाहावी लागली. 1982मध्ये रंग आले, राष्ट्रीय कार्यक्रम आला, ऑगस्ट 1983मध्ये इन्सॅट-1बी आकाशात गेला, आणि 1984मध्ये तर अशी धांदल उडाली की काही महिने जवळपास रोज एक ट्रान्समीटर देशात कुठे ना कुठे सुरू होत होता. यातले बहुतेक एलपीटी, लघुशक्तीचे, 100 वॉटचे. तालुक्याच्या गावात एक खोली, बाहेर जाळीची मोठी डिश, मागे टॉवर, शेजारी जनरेटर. डिशने इन्सॅटवरून कार्यक्रम घ्यायचा आणि ट्रान्समीटरने आजूबाजूच्या 15-20 किलोमीटरांत पसरवायचा. असे लहानमोठे मिळून पुढे देशभरात 1400च्या आसपास ट्रान्समीटर झाले. रस्त्याचं डांबर ज्या गावापर्यंत पोचलं नव्हतं तिथे चित्र पोचलं.

हे सगळं ॲनालॉग होतं. त्याची एक गोष्ट मला जवळून सांगायची आहे, कारण डिजिटलने नेमकं काय दिलं असतं ते तिच्यातूनच कळतं.

ॲनालॉग चित्रात 625 ओळी. एक ओळ काढायला 64 मायक्रोसेकंद, त्यातले पडद्यावर दिसणारे 52. टॉवरवरून निघालेली लहर तुमच्या अँटेनात सरळ येते, तशीच ती गावामागच्या टेकडीवर आपटून परतही येते. परत येणारी लहर जास्त चालून आलेली असते, म्हणून उशिरा पोचते. आणि उशीर म्हणजे पडद्यावर उजवीकडे सरकणं. मूळ चित्राच्या उजव्या अंगाला फिकट दुसरं चित्र दिसायचं. पुस्तकात त्याला घोस्ट म्हणत, गावात कोणी सावली म्हणे, कोणी डबल दिसतंय म्हणे. वीस इंची टीव्हीच्या पडद्याची रुंदी साधारण 40 सेंटिमीटर. 52 मायक्रोसेकंदांत 40 सेंटिमीटर, म्हणजे एका मायक्रोसेकंदाला पाऊण सेंटिमीटरच्या थोडं वर. लहर एका मायक्रोसेकंदात 300 मीटर जाते. आता पडद्यावर पट्टी लावा. सावली सव्वादोन-अडीच सेंटिमीटर सरकलेली असेल तर उशीर तीनेक मायक्रोसेकंदांचा, आणि परतलेली लहर सुमारे 900 मीटर जास्त चाललेली आहे, म्हणजे टेकडी बरोबर पाठीमागे असेल तर साडेचारशे मीटरवर आहे.

पोरांना पट्टी घेऊन मी हे करायला लावायचो. निवेदिकेच्या नाकापासून तिच्या सावलीतल्या नाकापर्यंत मोजायचं, वहीत मांडायचं आणि मग टेकडीपर्यंत चालत जाऊन पडताळायचं. घरातल्या टीव्हीवर पट्टी ठेवून बाहेरच्या डोंगराचं अंतर काढता येतं, हे समजल्यावर एखाद्या पोराचा चेहरा जो खुलायचा तो बघण्यासाठी मी नोकरी केली म्हटलं तरी चालेल.

पण ज्याच्या घरी ही सावली कायमची असे, त्याला या गणितात काय गोडी? डोंगराळ भागातली कितीतरी घरं डबल चित्र बघतच म्हातारी झाली. अँटेना फिरवायचा, वर-खाली करायचा, भिंतीच्या आडोशाला घ्यायचा, एवढेच उपाय. सिग्नल बारीक असला तर मुंग्या. कुठे स्कूटर चालू झाली की पडद्यावर ठिपक्यांच्या रेघा.

डिजिटल प्रक्षेपणाचं खरं मोल इथे आहे. लोकांना वाटतं डिजिटल म्हणजे चित्र स्वच्छ, बस. ते तर आहेच. पण डीव्हीबी-टी2 नावाची जी पद्धत दूरदर्शनने निवडली, तिच्यात माहिती एका लहरीवर न लादता हजारो बारीक लहरींवर वाटलेली असते. प्रत्येक बारीक लहर आपापलं काम सावकाश करते आणि प्रत्येक ठोक्याच्या आधी थोडी मोकळी जागा सोडलेली असते. टेकडीवरून परतलेला प्रतिध्वनी त्या मोकळ्या जागेत पोचला तर काही बिघडत नाही. ही जागा शेकडो मायक्रोसेकंदांपर्यंत ठेवता येते. ज्या तीन मायक्रोसेकंदांनी ॲनालॉग चित्राची वाट लावली, ते तीन मायक्रोसेकंद डिजिटल रिसिव्हरच्या खिजगणतीतही नसतात. याच कारणाने शेजारशेजारचे टॉवर एकाच फ्रिक्वेन्सीवर चालवता येतात, कारण दुसऱ्या टॉवरची लहर हाही रिसिव्हरच्या दृष्टीने एक प्रतिध्वनीच. सह्याद्रीच्या घाटात, अजिंठ्याच्या डोंगररांगांत, सातपुड्याच्या कुशीत वसलेल्या गावांसाठी याहून सोयीचं तंत्र मला तरी माहीत नाही.

आणि जागेचा हिशेब. ॲनालॉगमध्ये सात-आठ मेगाहर्ट्झच्या एका चॅनलमध्ये एकच कार्यक्रम बसायचा. टी2मध्ये तेवढ्याच जागेत पाच वाहिन्या आरामात.

हे काही कागदावरच राहिलं असं नाही. 25 फेब्रुवारी 2016 रोजी दूरदर्शनने 16 शहरांत डिजिटल प्रक्षेपणाची घोषणा केली. दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई होत्याच, पण महाराष्ट्रातून मुंबईच्या जोडीला औरंगाबादचं नाव होतं. पुणे नाही, नागपूर नाही, औरंगाबाद! आमच्या वर्कशॉपमध्ये त्या दिवशी जो आनंद झाला तो विचारू नका. डीडी नॅशनल, डीडी न्यूज, डीडी भारती, डीडी स्पोर्ट्स आणि प्रादेशिक वाहिनी किंवा डीडी किसान, अशा पाच वाहिन्या, मोबाईलवर दिसतील, डोंगल लावला की झालं, इंटरनेट लागणार नाही.

मी टी2चा डोंगल मागवला. अंगठ्याएवढी वस्तू, एका बाजूला फोनमध्ये खुपसायचं टोक, दुसऱ्या बाजूला वीतभर उघडणारी काडी. वर्कशॉपच्या गच्चीवर यूएचएफचा, म्हणजे आणखी वरच्या बँडचा, जुना यागी अँटेना होता, त्याची केबल डोंगलला जोडली, ॲपमध्ये स्कॅन दाबलं. सुरुवातीला काही नाही. मग अँटेना म्हैसमाळच्या अंगाला धरून थोडा उचलला आणि वाहिन्यांची यादी खाली उतरत गेली. चित्र असं स्थिर, कडा अशा काटेकोर की सवयीने माझा डोळा निवेदिकेच्या उजवीकडे सावली शोधत होता. ती नव्हती. मग केबल काढून नुसती काडी लावली. गच्चीवर तसंच चाललं. जिन्याने खाली येत गेलो तसं पहिल्या मजल्यावर चित्रात चौकोन फुटायला लागले, आवाज तुटला, तळमजल्यावर पडदा काळा. ॲनालॉगमध्ये सिग्नल कमी होईल तसं चित्र हळूहळू विझतं, मुंग्यांतूनही माणूस बातमी ऐकत राहतो. डिजिटलमध्ये कडेलोट असतो. एका पायरीवर सगळं आहे, पुढच्या पायरीवर काही नाही. म्हणून घराच्या आत पुरेसं पोचवायचं तर टॉवर जास्त हवेत, ताकद जास्त हवी, नाहीतर छतावर अँटेना तरी हवाच. ही काही मोठी अडचण नव्हती, छतावर अँटेने अजून उभे होते.

अडचण दुसरीच होती. दुकानात मिळणाऱ्या टीव्हीत टी2चा ट्यूनर नसायचा, किंवा असला तरी त्याबद्दल विक्रेत्याला काही माहीत नसायचं. सेट-टॉप बॉक्स सहज मिळत नसत. डोंगल ऑनलाइन मागवावा लागे. म्हणजे हवेत पाच वाहिन्या तरंगताहेत आणि त्या पकडायचं साधन घरात नाही. आमच्या कॉलनीत मी सोडून कोणी हे प्रक्षेपण पाहिलं असेल असं मला वाटत नाही.

दुसऱ्या देशांनी नेमकं इथेच लक्ष घातलं होतं. अमेरिकेत 1 मार्च 2007पासून ट्यूनर असलेला प्रत्येक नवा टीव्ही डिजिटल पकडणारा असलाच पाहिजे असा नियम झाला, आणि जुन्या टीव्हीवाल्यांना कन्व्हर्टर घेण्यासाठी सरकारने 40 डॉलरची कुपनं दिली, एका घराला दोनपर्यंत. एवढं करूनही लोक तयार नाहीत असं दिसल्यावर मोठ्या केंद्रांसाठी फेब्रुवारी 2009ची मुदत 12 जूनपर्यंत पुढे ढकलली. ब्रिटनने सगळा देश एका दिवसात बदलला नाही. 2007मध्ये व्हाइटहेवन नावाच्या एका छोट्या गावापासून सुरुवात केली. तिथेही आधी फक्त बीबीसी टूचं ॲनालॉग बंद केलं, म्हणजे ज्याने बॉक्स घेतला नाही त्याला जाग यावी, आणि मग चार आठवड्यांनी बाकीच्या वाहिन्या. एकेक प्रदेश घेत शेवटी 24 ऑक्टोबर 2012 रोजी उत्तर आयर्लंडमध्ये काम संपलं. पंचाहत्तरीच्या पुढच्या आणि अपंग माणसांसाठी वेगळी मदत योजना होती. माणूस घरी येऊन बॉक्स जोडून द्यायचा, रिमोट कसा वापरायचा ते शिकवून जायचा. जपानने 24 जुलै 2011 ही तारीख पाळली, पण इवाते, मियागी आणि फुकुशिमा या भूकंप-त्सुनामीने उद्ध्वस्त झालेल्या तीन प्रांतांना 31 मार्च 2012पर्यंत सवलत दिली. ज्याचं घरच वाहून गेलंय त्याला टीव्ही बदलायला सांगायचं नाही, हा विचार करणारं कोणीतरी त्या व्यवस्थेत बसलं होतं.

आपल्याकडेही आराखडा होता. ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, 31 जानेवारी 2017 रोजी सरकारला शिफारशी दिल्या. आधी चार महानगरं, मग दहा लाखांवरची शहरं, मग उरलेला देश, आणि 2023 संपेपर्यंत ॲनालॉग पूर्ण बंद. त्यात डिजिटल प्रक्षेपण आधी उभं करायचं होतं, काही काळ दोन्ही सोबत चालवायची होती आणि खासगी वाहिन्यांनाही टॉवरवर जागा द्यायची होती. मला तो कागद आजही चांगला वाटतो.

झालं मात्र अर्धंच. बंद करण्याचा भाग झाला. दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीने टप्प्याटप्प्याने ॲनालॉग ट्रान्समीटर उतरवले. ऑक्टोबर 2021मध्ये त्यांनी उरलेल्या 412 ट्रान्समीटरांचं वेळापत्रकच जाहीर केलं. 31 ऑक्टोबरपर्यंत 152, डिसेंबरअखेर 109, आणि 31 मार्च 2022पर्यंत शेवटचे 151. मोक्याच्या ठिकाणचे सुमारे 50 तेवढे ठेवायचे. या सगळ्यातून दरवर्षी सुमारे 100 कोटी रुपयांचा खर्च वाचेल असं सांगितलं गेलं. तालुक्यातालुक्यांत डिजिटल टॉवर उभे करण्याचा भाग मात्र त्या मोजक्या शहरांच्या पुढे सरकला नाही.

बंद करणाऱ्यांची बाजू मला समजते. ती फालतू नाही. एलपीटीचा कार्यक्रम मुळात उपग्रहावरूनच येत होता. आता नवा उपग्रह जास्त ताकदीने थेट घरावर कार्यक्रम सोडतो, हातभर डिश पुरते, मग मधली खोली, जनरेटर, माणसं, सुटे भाग कशाला? सुटे भागही मिळेनासे झाले होते. आणि डीडी फ्री डिश ही खरोखर मोठी गोष्ट आहे. डिसेंबर 2004मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने 33 वाहिन्यांनिशी सुरू झालेली ही सेवा आज कोट्यवधी घरांत आहे. एकदा दोनेक हजार रुपये खर्च केले की पुढे महिन्याचा एक पैसा नाही. गरिबाच्या घरातल्या टीव्हीला आज जो आधार आहे तो फ्री डिशचा. तिच्याबद्दल मला आदरच आहे.

पण डिश म्हणजे अँटेना नव्हे.

माझी आत्या कन्नड तालुक्यात एकटी राहते. तिच्या घरी अँटेना होता, तोवर ती संध्याकाळच्या मराठी बातम्या आणि शेतीचा कार्यक्रम चुकवत नसे. प्रक्षेपण थांबल्यावर मी जाऊन तिला फ्री डिश बसवून दिली. उपग्रह जीसॅट-15, जागा 93.5 अंश पूर्व. आमच्या भागातून तो आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण 58 अंशांवर असतो. अँटेना दहा-पंधरा अंश इकडेतिकडे झाला तरी चालतो, डिश एक-दोन अंशांनी हलली तरी चित्र गुल. आत्याच्या आग्नेयेला कडुनिंब. शेवटी गोठ्याच्या पत्र्यावर खांब उभारला, तिथे मोकळं आकाश मिळालं. वानरांनी एकदा उडी मारली की पुन्हा कोणालातरी बोलवायचं, होकायंत्र आणि सिग्नल मीटर घेऊन. अँटेना होता तेव्हा ती स्वतः काठीने ढकलून सरळ करायची.

पावसाळ्यात तिचा फोन आला. म्हणाली, "पाऊस आला की बातम्या जात्यात रे बाबा. अन् मला पावसाच्याच बातम्या बघायच्या असत्यात."

तिने दोन वाक्यांत सांगितलं ते माझ्या विषयाच्या पुस्तकात अख्ख्या प्रकरणात आहे. डिशवर येणारी केयू बँडची लहर अडीच सेंटिमीटरच्या आसपास असते. पावसाचा थेंब तिच्या मानाने इतका लहान नाही की ती बाजूने निघून जाईल. जोराच्या सरीत ती शोषली जाते, विखुरते. टॉवरवरची यूएचएफ लहर अर्ध्या मीटरची, तिला पाऊस जाणवतही नाही. मराठवाड्यात पाऊस कमी, तरी ही तऱ्हा. कोकणात चार-चार दिवस धो-धो चालतं, तेव्हा डिशवर अवलंबून असलेल्या घरात वादळाचा इशारा पोचायची हीच वेळ असते. टॉवरही वादळात पडू शकतो, वीजही जाऊ शकते, हे मान्य. पण तिथे माणूस आणि जनरेटर असतो, आणि एक टॉवर सावरला की हजारो घरं एकदम सावरतात. वाऱ्याने हललेल्या हजार डिश हजार ठिकाणी जाऊन सरळ कराव्या लागतात.

शहरातली गोष्ट निराळी, तरी तीच. फ्लॅटला एकच गॅलरी आणि ती वायव्येला असेल तर फ्री डिश विसरा. समोर उंच इमारत असेल तर विसरा. भाड्याच्या खोलीत घरमालक गच्चीवर डिश लावू देत नसेल तर विसरा. पुण्या-मुंबईत एका खोलीत चार-पाच जण राहणारी पोरं, कामगारांच्या वस्त्या, बांधकामावरची कुटुंबं, यांना खिडकीत काडी उभी करून टीव्ही दिसायला हवा होता. टी2 नेमका त्यांच्यासाठी होता.

यात मराठीचाही एक मुद्दा आहे आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही म्हणून मी बोलतो. 15 ऑगस्ट 1994 रोजी आपली मराठी वाहिनी सुरू झाली, पुढे ती सह्याद्री म्हणून ओळखली जाऊ लागली. पण साध्या अँटेनावर तालुक्याच्या ट्रान्समीटरवरून पूर्ण सह्याद्री दिसत नव्हती. तिथे राष्ट्रीय वाहिनी चालायची आणि संध्याकाळचे काही तास मराठीसाठी मोकळे ठेवलेले असत. ज्याच्याकडे केबल नाही, डिश नाही, त्याच्या वाट्याला मराठी एवढीच. एका ॲनालॉग चॅनलमध्ये एकच कार्यक्रम मावतो म्हटल्यावर दुसरं होणार तरी काय? डिजिटलने ही अडचण मुळातूनच संपवली असती. एका ट्रान्समीटरवर पाच वाहिन्या, त्यातली एक दिवसरात्र सह्याद्री, गडचिरोलीपासून सावंतवाडीपर्यंत प्रत्येक अँटेनावर. आणि टॉवर जमिनीवरच असल्यामुळे जिल्ह्यापुरतं बोलायची सोयही आली असती. बाजारभाव, धरणातून सोडलेलं पाणी, पुराचा इशारा, त्या त्या टॉवरवरून त्या त्या जिल्ह्याला. उपग्रह सगळ्या देशाला एकच गोष्ट सांगतो. बीडला वेगळं आणि भंडाऱ्याला वेगळं सांगणं त्याला परवडत नाही.

आता धोरण काय आहे? जानेवारी 2023मध्ये भारतीय मानक ब्यूरोने टीव्हीतच उपग्रहाचा ट्यूनर असावा यासाठीचं मानक जाहीर केलं. म्हणजे फ्री डिशसाठी वेगळा बॉक्स लागणार नाही, डिशची केबल थेट टीव्हीत. चांगलं आहे, आत्याकडचा एक रिमोट कमी होईल. पण छतावरची डिश तीच, कडुनिंब तोच, पाऊस तोच.

दुसरीकडे डायरेक्ट-टू-मोबाईलची चर्चा आहे. आयआयटी कानपूर आणि प्रसार भारती यांनी त्यासाठी करार केला, एटीएससी 3.0 या पद्धतीवर दिल्ली-बेंगळुरूत चाचण्या झाल्या. टॉवरवरून थेट फोनमध्ये, सिम नको, डेटा नको. मला हे मनापासून हवं आहे. टॉवर परत कामाला लागतील, यूएचएफचा पट्टा लोकांच्या उपयोगी पडेल, आणि गर्दी झाली म्हणून प्रक्षेपण अडकत नाही. शंभर माणसांनी बघितलं काय आणि एक कोटीने बघितलं काय, टॉवरला सारखंच. पुराच्या रात्री फोन लागत नसतो तेव्हा याची किंमत कळते.

पण 2016मध्ये जिथे गाडी अडली, तिथेच ती पुन्हा अडताना मला दिसते. फोनमध्ये ती चिप बसवणार कोण? हँडसेट कंपन्यांनी विरोध कळवला आहे. त्यांचं म्हणणं, खर्च वाढेल, बॅटरी जाईल. अमेरिकेत टीव्ही कंपन्यांनीही ट्यूनरच्या सक्तीला विरोध केला होता, तरी नियम झाला, तारीख ठरली आणि पाळली गेली. आपण तारीख फक्त बंद करण्याची ठरवली. सुरू करण्याची तारीख, ट्यूनरची तारीख, गरिबाच्या घरी बॉक्स पोचवण्याची तारीख, यातली एकही ठरली नाही.

माझं मागणं साधं आहे आणि ते मी संबंधितांना लिहूनही पाठवलं आहे. डायरेक्ट-टू-मोबाईल आणायचं तर आणा, पण त्याच टॉवरवरून घरातल्या टीव्हीलाही दिसेल असं आणा, कारण आत्या फोनवर बातम्या बघणार नाही. ट्यूनरचं मानक करताना उपग्रहाबरोबर टॉवरचाही ट्यूनर त्यात घाला, आज एकाच चिपमध्ये दोन्ही येतात. म्हैसमाळसारखे उंच टॉवर भंगारात काढू नका. जागा, रस्ता, वीज, कुंपण हे सगळं तिथे आहे, आणि डोंगरमाथ्यावरची अशी जागा आज नव्याने मिळवायची म्हटलं तर वर्षं जातील. आणि पहिल्या पाच वाहिन्या ठरवाल तेव्हा महाराष्ट्रातल्या प्रत्येक टॉवरवर सह्याद्री चोवीस तास ठेवा.

घरी टीव्ही असेल तर तुम्हीही एक करून बघा. सेटिंगमध्ये चॅनल किंवा ट्यूनिंगच्या पानावर जा आणि तिथे डीव्हीबी-टी2 असा पर्याय आहे का ते पाहा. असेल, तर तुमचा टीव्ही टॉवरवरचं डिजिटल पकडायला तयार आहे. खाली टीव्हीचं साल आणि मॉडेल लिहा. किती घरांत ट्यूनर आधीच बसलेला आहे याची यादी मी करतो आहे, पुढच्या पत्रासोबत ती जोडायची आहे.